मानेला शेक, थायरॉइडला झळ

कर्करोगाचे उपचार संपल्यावर वर्ष-दोन वर्षांनी येणाऱ्या थकव्याचं कारण अनेकदा रक्ताच्या एका साध्या तपासणीत सापडतं.

तोंडाच्या कर्करोगातून उठलेला माणूस वर्षभराने सारखा पडून राहू लागला, की घरचे म्हणतात, ‘‘एवढं मोठं दुखणं काढलं, आता अंगात राहणार काय?’’ वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूर जैनसारख्या गावांत हे बोलणं नवं नाही. विदर्भात तंबाखू-सुपारीचा खर्रा गल्लोगल्ली घोटला जातो. २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, पण तंबाखू-सुपारी सुटली नाही. तोंडाचा किंवा घशाचा कर्करोग निघाला की अकोला, नागपूर, नाहीतर थेट मुंबईचं टाटा मेमोरियल रुग्णालय. ऑपरेशन होतं, किरणांचे शेक दिले जातात, गाठ जाते. त्यानंतरचा थकवा मग ‘दुखण्याचा अशक्तपणा’ ठरतो. पुष्कळदा तो थायरॉइडचा असतो.

झळ लागते कशी?

थायरॉइड ही कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला बिलगलेली साधारण २० ग्रॅमची ग्रंथी. तोंड-घशाच्या कर्करोगात गाठीच्या जागी सहा-सात आठवड्यांत ६० ते ७० ग्रे किरणमात्रा दिली जाते. रोग मानेतल्या लसिका ग्रंथींत उतरला असेल किंवा उतरण्याची भीती असेल, तर मानेलाही शेक द्यावा लागतो आणि थायरॉइड त्यात सापडते.

नुकसान लगेच दिसत नाही. थायरॉइडच्या पेशी सावकाश विभागतात आणि किरणांनी दुखावलेली पेशी बहुधा विभागायच्या वेळीच मरते. ग्रंथीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही हळूहळू आकसतात. त्यामुळे काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनी ग्रंथी मंदावते. निरनिराळ्या अभ्यासांत, मानेवर शेक घेतलेल्या साधारण २० ते ५० टक्के रुग्णांत असं झाल्याचं दिसलं आहे.

थंडी सोसत नाही, कातडी कोरडी पडते, पोट साफ होत नाही, आवाज घोगरा होतो, मन लागत नाही. ही सगळी लक्षणं मूळ आजाराच्या खात्यावर जमा होतात. वजन वाढणं ही थायरॉइडची ओळखीची खूण. पण ज्याला घास गिळता येत नाही त्याचं वजन वाढणार कुठून? म्हणून संशयही येत नाही.

टीएसएच कधी फसवतो

थायरॉइड कमी पडू लागली की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूष ग्रंथी टीएसएच हे हार्मोन वाढवून तिला कामाला लावते. त्यामुळे लक्षणं दिसण्याआधीच टीएसएच चढलेला सापडतो. मानेवर शेक घेतलेल्यांनी ही तपासणी दर सहा ते बारा महिन्यांनी करावी, असा वैद्यकीय संकेत आहे.

मेंदूच्या किंवा नाकामागच्या गाठीसाठी शेक दिला असेल, तर पीयूष ग्रंथीच दुखावू शकते. मग थायरॉइड मंद असूनही टीएसएच नॉर्मल येऊ शकतो. अशा रुग्णाचं ‘फ्री टी-फोर’ हे थायरॉइडचं हार्मोनही बघावं लागतं. लहान मुलांत अशा वेळी बहुधा सर्वांत आधी वाढीचं हार्मोन घटतं आणि उंची खुंटते. बऱ्या झालेल्या मुलांचे असे मागाहून येणारे त्रास पाहण्यासाठी टाटा मेमोरियलने १९९१ मध्येच स्वतंत्र क्लिनिक सुरू केलं.

आधी कॉर्टिसॉल

शेकाखेरीज आता थायरॉइडला झळ लावू शकणारी इम्युनोथेरपीही आली आहे. निव्होलुमॅब हे महागडं औषध दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या भागाहूनही कमी दिलं, तरी उपयोग होतो हे टाटाच्या डॉक्टरांनी दाखवलं. तोंड-घशाच्या पुढे गेलेल्या कर्करोगात वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण त्याने सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. या जातीची औषधं प्रतिकारशक्तीला मोकळं सोडतात. ती कधी थायरॉइडवर, कधी पीयूष किंवा अधिवृक्क ग्रंथीवर उलटते. अधिवृक्क ग्रंथीचं कॉर्टिसॉल हे हार्मोन कमी असताना थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची गोळी, सुरू केलं, तर शरीर उरलंसुरलं कॉर्टिसॉलही झपाट्याने खर्च करतं; रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येतो. म्हणून असा संशय असेल तर आधी कॉर्टिसॉल तपासून स्टेरॉइड देतात आणि मगच थायरॉक्सिन.

गोळी आणि कागद

एरवी उपाय सोपा आहे. थायरॉक्सिनची गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची, चहा अर्ध्या-एक तासाने. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच करून डॉक्टर मात्रा ठरवतात.

उपचार संपताना शेक नेमका कुठे आणि किती ग्रे दिला, औषधं कोणती दिली, हे रुग्णालयातून लिहून घ्यावं. टीएसएचसाठी दरवेळी मुंबई गाठायची गरज नसते. ते रक्त वाशीम-अकोल्यातही देता येतं. हातात तो कागद असला, तर थकव्याचं मूळ कुठे शोधायचं हे तिथल्या डॉक्टरांनाही कळतं.