चाला म्हणायचे, पण कुठे आणि केव्हा?

‘रोज अर्धा तास भरभर चाला.’ मधुमेह असो, रक्तदाब असो की वाढलेले वजन, बाईच्या केसपेपरवर हा सल्ला हमखास असतो. पुढच्या तपासणीला साखर तेवढीच आणि वजनही तेवढेच. ‘चालता का?’ या प्रश्नावर ‘जमत नाही’ एवढेच उत्तर येते आणि तो आळस समजला जातो. का जमत नाही, हे विचारले तर वेगळेच कळते. पहाटे रस्त्यावर दिवे नसतात. वळणावर मोटारसायकली लावून टोळके बसलेले असते. गल्लीतल्या कुणाचे तरी मंगळसूत्र फिरायला गेल्यावरच ओढले गेलेले असते. उजाडल्यावर जावे, तर डबे, पाणी आणि मुलांची शाळा.

प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात सुमारे ४२ टक्के पुरुष ही मर्यादा गाठत नाहीत, तर स्त्रियांमध्ये हेच प्रमाण ५७ टक्के आहे. या तफावतीमागे घरकाम आहे, वेळेची ओढाताण आहे आणि भीतीही आहे. भीतीपोटी न झालेल्या व्यायामाची किंमत हृदय, हाडे आणि मन मोजत असते.

काही जणींना तर घरी बसणे परवडतच नाही. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना ८०० मीटर धावावे लागते. तालुक्याच्या गावी धावपट्टी कुठली? मग त्या पहाटे डांबरी रस्त्यावर, वाहनांच्या कडेने सराव करतात. शेरेबाजी, पाठलाग, मोबाइलवर चित्रीकरण हे सारे त्या घरी सांगत नाहीत, कारण सांगितले तर पहिली बंद होते ती त्यांचीच धाव. हा प्रकार ‘छेडछाड’ म्हणून सोडून देण्याजोगा नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ नुसार लैंगिक छळ आणि कलम ७८ नुसार पाठलाग हा गुन्हा आहे. पाठलागाला पहिल्या दोषसिद्धीत तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

हल्ला झालाच तर ‘ओरडली का नाहीस?’ असा प्रश्न घरातूनच येतो. त्याचे उत्तर शरीरशास्त्रात आहे. टोकाच्या भीतीत शरीर लढते किंवा पळते, तसेच ते थिजूनही जाते. हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही. ही क्रिया इच्छेच्या ताब्यात नसते. स्टॉकहोममधील एका रुग्णालयात बलात्कारानंतर उपचारासाठी आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ७० टक्के स्त्रियांना हल्ल्याच्या वेळी असे लक्षणीय थिजलेपण आले होते. अशा स्त्रियांमध्ये पुढे मानसिक आघाताचे विकार आणि नैराश्यही अधिक आढळले. तेव्हा प्रतिकार केला नाही म्हणजे संमती होती, हा समज शास्त्राला धरून नाही.

काही साध्या गोष्टी धोका कमी करतात. शक्यतो दोघी-तिघींनी मिळून जावे. कोणत्या रस्त्याने जाणार आणि कधी परतणार, हे घरी सांगावे. दोन्ही कानांत इअरफोन घालू नयेत, मागून येणारे वाहन आणि पाऊल दोन्ही ऐकू यायला हवे. वाहने समोरून येतील अशा बाजूने चालावे, फिकट रंगाचे कपडे घालावेत, दागिने घरी ठेवावेत. ११२ क्रमांक पाठ असावा. कुणी मागे येत असेल तर घराकडे न वळता दूधकेंद्र, चहाची टपरी, बसस्थानक अशा माणसांच्या जागी जावे. कुणी दागिना किंवा मोबाइल हिसकावत असेल तर तो सोडावा, वस्तूपेक्षा जीव मोठा.

अत्याचार झाल्यास वेळ फार महत्त्वाचा. प्रत्येक सरकारी आणि खासगी रुग्णालयाने अशा स्त्रीवर तातडीने, मोफत उपचार करणे कायद्याने बंधनकारक आहे. गर्भधारणा टाळणारी गोळी जितकी लवकर, शक्यतो ७२ तासांच्या आत, घेतली तितकी परिणामकारक ठरते. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. तपासणीपूर्वी अंघोळ टाळावी, अंगावरचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवावेत. मात्र अंघोळ झाली किंवा उशीर झाला म्हणून जाणे टाळू नये. हद्दीचे कारण सांगून पोलीस तक्रार नाकारू शकत नाहीत. ‘झिरो एफआयआर’ कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो.

पण सारी सावधगिरी बाईनेच बाळगायची, हा उपाय अर्धाच आहे. सगळी काळजी घेऊनही हल्ला झाला, तर दोष हल्लेखोराचाच. पहाटे धावणाऱ्या पुरुषाने पुढे चालणाऱ्या बाईच्या पाठीशी चिकटून धावू नये. लांबूनच आवाज द्यावा आणि अंतर ठेवून पुढे जावे. टोळक्यातल्या एकाने जरी ‘पुरे कर’ म्हटले तरी फरक पडतो. नगरपालिकेने बंद दिवे लावावेत, शाळा-महाविद्यालयांनी सकाळी मैदाने उघडी ठेवावीत, गस्तीची गाडी पहाटेही फिरावी. आणि ‘चाला’ असे लिहिणाऱ्या डॉक्टरांनी ‘कुठे आणि केव्हा चालाल?’ हेही विचारावे. रस्ता सुरक्षित नसेल तर घरातल्या घरात, गच्चीवर किंवा जिन्यावर करता येईल असा व्यायाम त्याच दिवशी लिहून द्यावा. तो तात्पुरता तोडगा आहे. पहाटेचा मोकळा रस्ता जितका पुरुषांचा, तितकाच तिचाही आहे.