तालमीतून निघालेला फुटबॉल

गिरगावकरांना फुटबॉल म्हटलं की कूपरेज मैदान आठवतं. चर्नी रोडहून लोकल पकडायची, चर्चगेटला उतरून चालत जायचं. १८९१ साली सुरू झालेल्या रोव्हर्स कपचं ते माहेरघर होतं. पण महाराष्ट्रात गल्लीतला क्लब कसा जन्मतो आणि वाढतो हे बघायचं असेल तर कोल्हापूर गाठा!

तिथल्या संघांची नावंच वाचा: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. शाहू महाराजांच्या आश्रयाने फुललेल्या कुस्तीच्या या शहरात पेठेची तालीम म्हणजे पोरांचा हक्काचा अड्डा. लाल मातीत अंग कमावणाऱ्या त्याच तालमींनी संस्थानी काळापासून फुटबॉललाही जवळ केलं. कुणी धनाढ्य मालक नाही. पेठ हीच मालक. गणपतीला वर्गणी काढणारं मंडळच संघही पोसतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग आणि पाठोपाठ चषक स्पर्धा शाहू स्टेडियमवर होतात. शिवाजी पेठ विरुद्ध मंगळवार पेठ असा सामना असला की दगडी पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी एकाच घरातले मामा-भाचे दोन बाजूंना बसतात. अतिउत्साहात कधी हाणामारीही होते. ती थांबायलाच हवी.

याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. पुढच्या हंगामात एक सामना तरी बघून या, आणि तिकीट लवकर काढा.