चित्रकथेतला वीर कोणत्या रंगाचा?

अभ्यासाच्या पुस्तकाला कंटाळणारी मुले चित्रकथा हाती पडली की तहानभूक विसरतात. म्हणूनच या पुस्तकांतून त्यांच्या कोवळ्या मनावर काय बिंबते, याचा विचार समाजातील सुजाण पालकांनी करायला हवा.

१९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्सने फँटम आपल्याकडे घरोघर नेला. अमेरिकेतील ली फॉक यांनी १९३६ साली निर्माण केलेले हे पात्र. जंगलातील माणसे काळी, आणि त्यांचा तारणहार मात्र पिढ्यान् पिढ्या गोरा! १९६७ साली अनंत पै यांनी अमर चित्र कथा सुरू केली. तिच्यातील अनेक पुस्तकांत देव आणि राजे उजळ, तर असुर काळे रंगविलेले दिसतात. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरचे पुस्तक त्या मालिकेत आले १९७९ साली, म्हणजे बारा वर्षांनी.

याचा परिणाम दूर कशाला शोधायचा? आमच्या जत भागात उन्हातान्हात राबणारी माणसे सावळीच. पण विहारातील चित्रकला स्पर्धेत मुले माणसाचा चेहरा रंगवताना फिकट गुलाबी खडू शोधतात आणि त्यालाच 'स्किन कलर' म्हणतात. स्वतःचा हात समोर असूनही त्यांना त्याचा रंग दिसत नाही!

अमेरिकेतील काळ्या जनतेने हे दुःख आपल्याआधी ओळखले. जुलै १९६६ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी या गोऱ्या जोडीने ब्लॅक पँथर हा काळा महावीर आणला. त्याच वर्षी ऑक्टोबरात तिकडे ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला आणि त्या पक्षाच्या नावावरून १९७२ साली मुंबईत आपली दलित पँथर उभी राहिली. पुढे २०१८ साली ब्लॅक पँथरवर मोठा चित्रपट निघाला, तेव्हा त्याचा दिग्दर्शक रायन कूगलर हा काळाच होता. आपली कथा आपण सांगायची, हा त्यातला धडा.

आपल्याकडेही असे काम झाले आहे. २०११ साली नवयान प्रकाशनाने 'भीमायन' काढले. चित्रे काढली दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड आदिवासी दांपत्याने. १९०१ साली बाल भीमराव साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाले, मसूर स्टेशनवर उतरले आणि जात कळताच गाडीवान मिळेना. पाण्यावाचून झालेला तो प्रवास यात आहे. चौकटीत चित्र कोंडणे या कलावंतांनी नाकारले. विषारी बोलणाऱ्याच्या शब्दांना विंचवाची नांगी, तर प्रेमळ शब्दांना पक्ष्याचा आकार दिला. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही ते कळेल! दुर्गाबाईंना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

आता एक प्रश्न आपण आपल्यालाच विचारू. आपल्या चित्रांत आणि कार्यक्रमांत मुलींना कोणते स्थान आहे? सावित्रीमाई जोतीरावांच्या मागे उभ्या, रमाई म्हणजे केवळ सोसणे. जयंतीच्या नाटकात मुलांना भाषणाचे काम आणि मुलींना स्वागतगीत! वास्तविक २० जुलै १९४२ रोजी नागपुरात भरलेल्या दलित महिला परिषदेच्या अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे होत्या आणि हजारो भगिनी तिथे जमल्या होत्या. हा प्रसंग चित्रात उतरवायला आपल्याला कोणी अडविले आहे?

यावर उपाय खर्चाचा नाही. १४ एप्रिलला बक्षीस म्हणून स्टीलचा डबा देण्याऐवजी अशी पुस्तके द्यावीत. विहारात एका फळीवर ती मुलांच्या हाताला येतील अशी ठेवावीत. स्पर्धेचा विषय 'महाडचे चवदार तळे' किंवा 'माझी आजी' असावा, आणि खोक्यात तपकिरी खडू भरपूर असावेत.

विमानासारखे उडणारे वीर मुलांनी खुशाल वाचावेत. पण मसूरच्या फलाटावर ताटकळलेला पोर मोठा होऊन देशाची राज्यघटना घडवतो, ही कथा आपल्याच मातीतली आहे. ती मुलांना दाखविणे हे आईबापांचे काम आहे. बाजारावर सोडून चालणार नाही.

जयभीम!