हेवलेर : घरांवर घरं रचून उभं राहिलेलं शहर

आपल्या या गप्पांमध्ये कधी कर्जाच्या हप्त्यांचा विषय असतो, कधी शेळ्यांच्या लसीकरणाचा, कधी मुलींच्या शाळेचा. आज एका लांबच्या शहराची ओळख करून घेऊ. हे शहर इराक देशाच्या उत्तरेला आहे. नकाशावर त्याचं नाव अर्बिल किंवा इर्बिल असं दिसेल. तिथले कुर्द लोक त्याला हेवलेर म्हणतात.

इराक म्हटलं की आपल्याला बातम्यांतली लढाई आठवते. पण माणसांनी न सोडता हजारो वर्षं एकाच जागी वस्ती केली अशी जी मोजकी ठिकाणं जगात सांगतात, त्यांत हेवलेरची गढी येते. ती एवढी वर्षं कशी टिकली, आणि ती टिकवण्यासाठी अलीकडे कोणाला घर सोडावं लागलं, हे आज सांगते.

कुर्द कोण?

कुर्द हा डोंगराळ भागातला मोठा समाज आहे. त्यांची वस्ती तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरिया अशा चार देशांत विभागलेली आहे. लोकसंख्या तीन कोटींच्या आसपास धरतात, पण त्यांचा स्वतःचा देश नाही. इराकच्या उत्तरेला मात्र त्यांचा स्वायत्त प्रांत आहे. १९९२ साली तिथे त्यांनी स्वतःची संसद निवडली. हेवलेर ही त्या प्रांताची राजधानी. आज शहराची लोकसंख्या दहा लाखांच्या वर आहे. कुर्दांबरोबर तिथे तुर्कमान आणि ख्रिस्ती लोकही राहतात.

त्यांची भाषा आणि आपली मराठी लांबच्या नात्यातल्या आहेत. आपण ‘नाव’ म्हणतो, तेही ‘नाव’च म्हणतात. आपले ‘दोन’ त्यांचे ‘दू’, आपले ‘पाच’ त्यांचे ‘पेंज’. त्यांच्या गढीला ते ‘कला’ म्हणतात. तो मूळचा अरबी शब्द, आणि आपला ‘किल्ला’ही त्याच घरातून आलेला आहे.

शहर वसलंय कुठे?

पूर्वेला आणि उत्तरेला झाग्रोसचे डोंगर, समोर सपाट मैदान. या मैदानाच्या एका बाजूला मोठी झाब नदी आणि दुसऱ्या बाजूला छोटी झाब. दोन्ही पुढे टायग्रिस नदीला मिळतात. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो. पाऊस पडतो तो हिवाळ्यात आणि वसंतात, वर्षाला साधारण ४०० मिलिमीटर. आपल्या दुष्काळी तालुक्यांतल्या बायकांना एवढ्या पावसाचा अंदाज लगेच येईल. पण तो थंडीत पडतो, जमिनीत मुरतो, म्हणून तेवढ्यावर गहू आणि जव कोरडवाहू पिकतात. खाली धान्य, वर डोंगरात मेंढ्यांची कुरणं, आणि मधून जाणारी व्यापाराची वाट. शहर या जागी वसलं त्याचं कारण हेच.

गावाची पांढरी आणि तिथली गढी

आपल्याकडे शेताची ती काळी आणि घरांची ती पांढरी. जुन्या गावाची पांढरी शिवारापेक्षा उंच का असते, याचा कधी विचार केलाय? मातीची घरं पडतात, त्यांची माती तिथेच पसरते, तिच्यावर नवं घर उभं राहतं. वर्षानुवर्षं चुलीची राख, फुटकी मडकी, गोठ्यातला केर, सारवणाचे थर साठत जातात आणि जमीन उंचावते.

हेवलेरची गढी अशीच झालेली आहे. फरक एवढाच की तिथे हे काम हजारो वर्षं चाललं. उतारावर सापडलेल्या खापरांवरून तिथे सुमारे ६ हजार वर्षांपूर्वीपासून वस्ती असावी असं अभ्यासक मानतात. कच्च्या विटांची, धाब्याची घरं एकावर एक होत गेली आणि आज ती टेकडी मैदानापासून २५ ते ३२ मीटर उंच आहे. म्हणजे आठ-दहा मजली इमारतीएवढी. माथ्याचा विस्तार दहा हेक्टर, आपल्या हिशोबाने पंचवीस एकर. ही टेकडी निसर्गाने केलेली नाही, माणसांच्या राहण्याने झालेली आहे. त्यातला मोठा वाटा घर लिंपणाऱ्या आणि चूल सांभाळणाऱ्या हातांचा असणार.

माथ्याच्या कडेने घरं एकमेकांना खेटून बांधलेली आहेत. त्यांच्या मागच्या भिंती जोडून शहराचा तट तयार झाला. वरच्या वस्तीचे तीन मोहल्ले होते. सराय मोहल्ल्यात बडी घराणी, तोपखान्यात कारागीर आणि शेतकरी, आणि तकियात दर्वेशी फकिरांचं ठिकाण. पायथ्याशी छपराखालचा कैसरी बाजार आजही भरतो. मध, चीज, कापड, भांडी सगळं मिळतं. नवं शहर गढीभोवती गोल गोल वाढलं. मधे जात्याचा खुंटा आणि भोवती पाळू, तसे तिथले मोठे रस्ते गढीला वेढे घालतात.

पाणी कुठून आणलं?

गढी उंच, नद्या लांब. मग एवढ्या माणसांनी पाणी काय प्यायलं? आधी विहिरी. पुढे अश्शूर राज्याचा राजा सन्हेरीब याने, म्हणजे सुमारे २७०० वर्षांपूर्वी, उत्तरेच्या बस्तोरा नदीचं पाणी वीसेक किलोमीटरवरून शहरात आणलं. त्याचा काही भाग जमिनीखालून जात होता. पाणी आणल्याचा मजकूर राजाने दगडावर कोरून ठेवला, तो सापडला आहे.

या भागात जमिनीखालच्या पाटाला कारेझ म्हणतात. डोंगराच्या पायथ्याशी पाणी लागेपर्यंत खोल विहीर खणायची. तिथून गावाकडे हलक्या उताराचा बोगदा काढायचा. माती वर काढायला आणि हवा खेळायला ठरावीक अंतरावर आणखी विहिरी पाडायच्या. मोट नको, पंप नको, पाणी आपल्या उताराने येतं आणि उन्हात आटतही नाही. आपल्याकडे सतराव्या शतकात मलिक अंबरने बांधलेली छत्रपती संभाजीनगरची नहर-ए-अंबरी याच जातीच्या तंत्राची आहे. ज्यांनी पाणचक्की पाहिली असेल त्यांना भूमिगत नहरीची करामत ठाऊक असेल.

हेवलेरच्या मैदानातले बरेच कारेझ आता सुकलेत. बोअरवेलची संख्या वाढली आणि पाण्याची पातळी खाली गेली. कारेझला वरचं पाणी लागतं, ते उरलं नाही. आपल्या आडांचं काय झालं ते आठवलं की ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

देवी, राणी आणि विधवांचं घर

शहराचा उल्लेख चार हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्यांवर ‘उर्बिलुम’ असा आहे. अश्शूर काळात त्याला ‘अर्बाइल’ म्हणत. त्या काळी इथे इश्तर देवीचं मोठं देऊळ होतं. राजे लढाईला निघण्याआधी तिचा कौल घेत. तिचा शब्द सांगणाऱ्यांमध्ये बायका पुष्कळ होत्या. त्यांनी काय सांगितलं ते मातीच्या पाट्यांवर लिहून राजधानीत जपून ठेवलं गेलं, त्यांच्या नावांसकट. सव्वीस-सत्तावीस शतकांनंतर ती नावं आजही वाचता येतात.

इसवी सनापूर्वी ३३१ मध्ये सिकंदराने इराणचा राजा दारयवहू याला हरवलं, तेव्हा पळणारा राजा आधी याच शहरात आला होता. पण मला त्यापेक्षा सांगावीशी वाटते ती राणी हेलेना. पहिल्या शतकात हे शहर अदियाबेने नावाच्या लहान राज्याची राजधानी होतं आणि ती तिथली राणी होती. तिने यहुदी धर्म स्वीकारला होता. ती यरुशलेमला गेली तेव्हा तिथे दुष्काळ पडला होता. तिने पैसे देऊन माणसं पाठवली, इजिप्तमधून धान्य आणि सायप्रसमधून सुके अंजीर आणवले आणि भुकेल्यांना वाटले. त्या काळच्या इतिहासकाराने ही गोष्ट लिहून ठेवली आहे.

पुढे बाराव्या शतकाच्या अखेरीस इथे मुझफ्फर उद्दीन गोकबोरी राज्य करत होता. तो सुलतान सलाउद्दीनचा मेहुणा. त्याच्या काळातला ३६ मीटर उंच विटांचा मिनार अजून उभा आहे. त्याने विधवांसाठी एक घर, अनाथ मुलांसाठी एक घर, आंधळ्या आणि जुनाट आजाराच्या लोकांसाठी आश्रयस्थानं उभारली. टाकून दिलेल्या बाळांना दूध पाजायला दाया नेमल्या. याच शहरात १२११ साली जन्मलेल्या इब्न खल्लिकान या चरित्रकाराने हे नोंदवलं आहे.

नंतर मंगोलांच्या स्वाऱ्या झाल्या. १२३५ मध्ये खालचं शहर पडलं, गढीने दाद दिली नाही. १२५८ मध्ये मात्र गढीही पडली. तरीही वस्ती पुन्हा उभी राहिली.

एक घर मागे ठेवलं

आता अलीकडचं. विसाव्या शतकात गढीवरची श्रीमंत घराणी रुंद रस्ते आणि मोठ्या घरांसाठी खाली उतरली. रिकाम्या वाड्यांत गरीब लोक आले. १९८८ मध्ये सद्दाम हुसेनच्या सरकारने ‘अनफाल’ नावाच्या मोहिमेत कुर्दांची गावंच्या गावं उद्ध्वस्त केली, हजारो माणसं मारली. कितीतरी बायका विधवा झाल्या. त्या गावांतून परागंदा झालेल्या अनेक कुटुंबांना या गढीवर आसरा मिळाला. एका वाड्यात अनेक बिऱ्हाडं झाली.

मातीच्या टेकडीचा वैरी कोण? पाणी. एवढ्या लोकांचं सांडपाणी वाहून न्यायला धड सोय नव्हती. ते भिंतींत आणि पायात मुरू लागलं. घरं खचू लागली, कडा ढासळू लागल्या. म्हणून सरकारने २००७ साली गढीवरची ८४० कुटुंबं हलवली. त्यांना शहराबाहेर जमीन आणि काही रक्कम दिली. एका कुटुंबाला मात्र वरच राहायला सांगितलं, हजारो वर्षांची वस्ती तुटली असं होऊ नये म्हणून. २०१४ साली गढी जागतिक वारशाच्या यादीत आली. दुरुस्ती चालू आहे, काही वाड्यांत संग्रहालयं झालीत. त्यांतलं एक बायकांनी विणलेल्या कुर्दी गालिच्यांचं आणि कापडाचं आहे. पुढे थोडी कुटुंबं पुन्हा वर वसवायची योजना मांडली गेली.

मैत्रिणींनो, इथे दोन्ही बाजू खऱ्या आहेत. लोक तिथेच राहिले असते तर गढी खचली असती, आणि माणसंही दबली असती. पण ज्यांची गावं आधीच गेली होती, त्यांनाच दुसऱ्यांदा उठावं लागलं. शहर जगवणारी गोष्ट म्हणजे रोज पेटणारी चूल, हे सरकारलाही कळत होतं. म्हणून तर एक घर ठेवलं. एका चुलीने वस्ती नावापुरती राहते. शेजार, पाणवठा, मुलांचा गलका आणि भांडणं ८४० घरांबरोबर खाली गेली. धरणामुळे ज्या गावांना उठावं लागलं तिथल्या बायका हे आपल्याला जास्त चांगलं सांगू शकतील. जमिनीचा मोबदला कागदावर मोजता येतो, शेजाराचा येत नाही.

गटाच्या पुढच्या बैठकीत वाचन झाल्यावर एवढं करून बघा. आपल्या गावाची जुनी पांढरी कुठे होती, पहिला आड कोणता, कोणती आळी आधी वसली आणि कोण कुठून आलं, हे म्हाताऱ्या बायकांना विचारा आणि गटाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवा. सांगणाऱ्या आजीचं नावही लिहा.

पुढच्या वेळी पुन्हा आपल्या हिशोबांकडे वळू. तोवर नमस्कार.