चासी नंबर आणि नंबरप्लेट

रत्नागिरीच्या कुठल्याही रस्त्यावर पाच मिनिटे उभे राहा, एमएच-०८ ने सुरू होणाऱ्या नंबरप्लेट ओळीने दिसतील. हा क्रमांक आरटीओ देते. त्याच गाडीच्या सांगाड्यावर कारखान्याने ठोकलेला चासी नंबर असतो. एकावरून दुसरा ओळखता येत नाही. जोडी पाहायची तर आरसी बुक उघडावे लागते.

संगणकाचेही तसेच. नेटवर्क कार्डाला कारखान्यातच ६ बाइटांचा पत्ता मिळतो. पहिले ३ बाइट कंपनीचे, उरलेले ३ त्या कार्डाचे. नेटवर्कमधला पत्ता मात्र आपण देतो. इंटरनेटच्या पद्धतीत ही जोडी जुळवायला संगणक चक्क हाक मारतो, ‘अमुक पत्ता कोणाचा?’ ज्याचा असेल तो आपल्या कार्डाचा पत्ता कळवतो आणि विचारणारा तो टिपून ठेवतो.

अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने डेकनेटच्या चौथ्या टप्प्यात वेगळीच शक्कल लढवली. हाकच नको! नेटवर्कच्या पत्त्यावरून कार्डाचा पत्ता गणिताने काढायचा आणि कार्डाला तोच लावायचा. नंबरप्लेट पाहून चासी नंबर ठोकण्यासारखेच हे! कार्डातला मूळ पत्ता पुसला जात नाही, त्याच्यावर नवा चढवला जातो.

फळ्यावर करून पाहू. डेकनेटचा पत्ता १६ बिटांचा; ६ बिट विभागाला, १० संगणकाला. म्हणून विभाग १ ते ६३ आणि प्रत्येकात संगणक १ ते १०२३. समजा, गाड्यांप्रमाणेच रत्नागिरीला विभाग ८ दिला आणि शाळेतला १२ क्रमांकाचा संगणक घेतला. ८ × १०२४ + १२ = ८२०४. षोडशमान पद्धतीत (९ नंतर ए, बी, सी असे एफपर्यंत) हे होतात २००सी. आता जपून! यातले दोन बाइट उलटे लिहायचे, धाकटा आधी: ०सी-२०. डिजिटलच्या पीडीपी-११ आणि व्हॅक्स यंत्रांत धाकटा बाइटच आधी साठवत, त्याचा हा वारसा. त्याच्या आधी सर्वांना समान असलेले चार बाइट जोडले की झाले: एए-००-०४-००-०सी-२०. वर्गात १.१३ हा पत्ता देऊन पाहा. शेवटी ०डी-०४ यायला हवे.

हाक वाचली, पण जबाबदारी माणसावर आली. दोन संगणकांना चुकून १२ च क्रमांक दिला, तर दोन्ही कार्डांचा पत्ता एकच होतो आणि कारखान्याने घेतलेली सारी काळजी वाया जाते. एकाच संगणकात दोन कार्डे असली तर दोघांनाही तोच पत्ता लागतो, म्हणून ती एकाच जाळ्यात जोडून चालत नाही. शिवाय हा बदल इंटरनेटची पद्धत सुरू होण्यापूर्वीच करावा लागे. नंतर केला तर शेजाऱ्यांनी टिपून ठेवलेला जुना पत्ता चुकीचा ठरे आणि निरोप हरवत.

लिनक्सच्या गाभ्यातून डेकनेट २०२२ मध्ये, ६.१ या आवृत्तीत, काढले गेले. कार्डावर दुसरा पत्ता चढवण्याची रीत मात्र आपल्या खिशात आहे. अलीकडचे फोन वाय-फायला जोडताना, माग काढता येऊ नये म्हणून, स्वतः रचलेला पत्ता दाखवतात. फोनच्या सेटिंगमध्ये तो शोधा. त्याचे दुसरे चिन्ह २, ६, ए किंवा ई असेल, तर तो कारखान्याचा नव्हे. डेकनेटच्या ‘एए’मध्येही दुसरे चिन्ह ‘ए’च आहे.