विश्लेषण : सॉफ्टवेअर कोणी तपासायचे, माणसाने की यंत्राने?

पतसंस्थेचे व्याज असो, साखर कारखान्याचे ऊसबिल असो की सरकारी अनुदान, हिशेब आता सॉफ्टवेअर करते. त्यातील एक चुकीची ओळ हजारो खात्यांपर्यंत पोहोचते. सोलापूरसारख्या शहरात असे सॉफ्टवेअर करणाऱ्या दोन-चार जणांच्या चमूकडे वेळ मोजकाच असतो. त्यांनी भर कशावर द्यावा?

दोन पद्धतींत फरक काय?

एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने ओळीओळीने वाचणे म्हणजे कोड रिव्ह्यू. आयबीएममधील मायकेल फॅगन यांनी १९७६ मध्ये त्याची शिस्तबद्ध पद्धत मांडली. स्वयंचलित चाचणीत ‘ही माहिती दिली तर हेच उत्तर यावे’ असे आधी लिहून ठेवतात आणि प्रत्येक बदलानंतर संगणक ते पडताळतो.

सोलापुरी चादरीवरून हे चटकन कळते. यंत्रमागावर आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. ही झाली स्वयंचलित चाचणी. पण नक्षी ठरवणाऱ्या जॅकार्डच्या पत्त्यात एखादे छिद्र चुकले, तर माग थांबत नाही. तो चुकीची नक्षी बिनबोभाट विणत राहतो. ती चूक ओळखायला नक्षी माहीत असलेला डोळाच लागतो.

कर्जमाफीने काय शिकवले?

राज्य सरकारने २४ जून २०१७ रोजी ३४,०२२ कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर केली. अर्ज ऑनलाइन होते. ऐन दिवाळीत, १८ ऑक्टोबरला काही शेतकऱ्यांना प्रमाणपत्रे दिली गेली. मात्र बँकांकडून आलेल्या याद्यांमध्ये एकाच आधार क्रमांकावर अनेक नावे आढळली आणि पैसे खात्यात जाणे लांबले.

ही चूक कोडपेक्षा माहितीची होती. तरीही धडा तोच. आधार क्रमांक दोनदा आला का, हे लाखो नोंदींमध्ये यंत्र क्षणात सांगते. माणसाला ते अशक्य. उलट दीड लाखांची मर्यादा खात्याला नव्हती, तर पती, पत्नी आणि १८ वर्षांखालील मुले अशा कुटुंबाला होती. प्रोग्रामरने ती खात्यामागे धरली असती, तर त्याच समजुतीने लिहिलेल्या साऱ्या चाचण्या उत्तीर्ण झाल्या असत्या. तिथे शासन निर्णय शेजारी ठेवून कोड वाचणारा माणूसच हवा.

मग माणूस पुरेसा का नाही?

माणसाचीही नजर चुकते. ‘हार्टब्लीड’ ही ओपनएसएसएलमधील त्रुटी दुसऱ्या जाणकाराने कोड तपासूनही निसटली. मार्च २०१२ च्या आवृत्तीतून ती जगभर पोहोचली आणि एप्रिल २०१४ मध्ये उघड झाली. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलला आयफोनमधील एक चूक दुरुस्त करावी लागली. एकच ओळ दोनदा लिहिली गेल्याने सुरक्षित जोडणीतील स्वाक्षरीची तपासणीच वगळली जात होती. खोटी स्वाक्षरी देऊन पाहणारी एक चाचणी ती पकडू शकली असती.

छोट्या चमूने काय करावे?

सगळ्याच्या चाचण्या लिहायला वेळ नसतो. म्हणून सुरुवात पैशांच्या हिशेबापासून करावी. मर्यादेच्या अलीकडची, नेमकी आणि पलीकडची रक्कम, म्हणजे १,४९,९९९, १,५०,००० आणि १,५०,००१ रुपये, शिवाय शून्य आणि रिकामा रकाना, एवढ्या चाचण्याही बऱ्याच चुका पकडतात. माणसाचा वेळ नियम बदलतो तिथे राखून ठेवावा. एका वेळी थोडाच कोड वाचावा आणि चाचण्याही वाचाव्यात, कारण त्याही माणसानेच लिहिलेल्या असतात. रिव्ह्यूत किंवा ग्राहकाच्या तक्रारीतून चूक सापडली, की आधी ती पकडणारी चाचणी लिहावी, मग दुरुस्ती करावी. म्हणजे तीच चूक पुढच्या हंगामाच्या बिलात पुन्हा आली, तर यंत्र ती आधीच दाखवेल.