किंमत विचारू नका, गाडी बघा!

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात टेस्लाची मोठी दालनं आहेत. चकचकीत गाडी समोर उभी, पण तिथल्या कर्मचाऱ्यानं किंमत सांगायची नाही, चक्कर मारायला चावी द्यायची नाही, असा दंडक अनेक वर्षं होता. टेस्लाचा कारखाना याच राज्यात, मुख्यालयही ऑस्टिनला. तरी कंपनीला स्वतःची डीलरशिप काढायला बंदी!

हे आलं कुठून? १९२० च्या आसपास मंदी आली, तेव्हा फोर्डनं न मागितलेल्या गाड्या डीलरांच्या गळ्यात मारल्या. घ्या, नाहीतर डीलरशिप गेली. बिचाऱ्यांनी कर्जं काढली. अशा दांडगाईला लगाम म्हणून पुढे राज्याराज्यांनी कायदे केले, १९५६ मध्ये केंद्रीय कायदाही आला. आपल्याच डीलरशी कंपनीनं स्पर्धा करायची नाही, हे राज्यांच्या कायद्यांतलं एक सूत्र.

टेस्लाला मात्र डीलर कधी नव्हतेच. मग ही ढाल कुणासाठी? ग्राहकासाठी, असं डीलर संघटना म्हणतात. मला ते फारसं पटत नाही. दुरुस्तीची सोय जवळ असते, हा त्यांचा मुद्दा मात्र खरा.

न्यू मेक्सिको राज्यात गंमतच झाली. तिथेही कंपनीनं डीलरविना थेट विक्री करायला मनाई. पण मूलनिवासी जमातींच्या भूमीवर राज्याचा हा कायदा लागू होत नाही. २०२१ मध्ये नांबे पुएब्लो या जमातीच्या जागेत, एका बंद पडलेल्या जुगारघरात, टेस्लानं दुकान थाटलं!